धुरपताबाईनं न चोळलेलं पोट

लक्ष्मम्मानं तेलाची वाटी पुढं केली, तरी धुरपताबाईनं हात पुढं केला नाही.

"घे की," लक्ष्मम्मा म्हणाली. "कोमट करून आणलंय. करडीचंच हाय, तुला लागतं तसलं."

धुरपताबाई बाजेकडे बघत उभी होती. बाजेवर लक्ष्मम्माचा एकुलता एक मुलगा शरणबसप्पा उताणा पडला होता. अठ्ठावीस वर्षांचा गडी, किराणा दुकान आणि शेती दोन्ही एकट्यानं ओढणारा. सकाळी गाडी जुंपताना बैल बिचकला, त्यानं हिसका दिला आणि जुवाचं टोक शरणबसप्पाच्या डाव्या बरगडीखाली बसलं. जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. घटकाभर कळवळला, मग उठून धोतर झटकलं, बैलाला एक झणझणीत कानडी शिवी हासडली आणि दुकानाच्या ओट्यावर येऊन बसला. तासाभरानं मात्र तो तिथंच आडवा झाला आणि लक्ष्मम्मानं धुरपताबाईला बोलावणं धाडलं.

बोलावणं तिलाच जाणार, यात काही नवल नव्हतं. नळदुर्गापासून दोन कोसांवर, सोलापूर-हैदराबाद सडकेच्या आत, निजामाच्या मुलखात आमचं गाव. तिथं ताप आला तर माणसं नळदुर्गच्या सरकारी दवाखान्यात जायची, डोकं फिरलं तर देवाला जायची, पण पोटाचा मामला आला की धुरपताबाई. कुणाच्या पोटात वारा धरतो, कुणाची बेंबी सरकते, कोण चार भाकरी जास्त हाणतो आणि करणी झाली म्हणून बोंबलतो, हे सगळं तिच्या बोटांना ठाऊक. गावातली निम्मी माणसं ती तोंडावरून नव्हे, पोटावरून ओळखायची, असं आम्ही थट्टेनं म्हणत असू. आणि ते फारसं खोटं नव्हतं. चोळण्याचं ती काही घेत नसे. वाटीत उरलेलं तेल तेवढं तिचं. तिची एकच रीत होती. चोळायच्या आधी तेलाचा पहिला थेंब बोटानं भुईला लावायची, तुळजापूरच्या आईच्या नावानं. त्या थेंबाशिवाय तिनं कुणाच्या पोटाला हात लावल्याचं गावानं कधी पाहिलं नव्हतं.

आज ती वाटीकडे बघतसुद्धा नव्हती.

ती बाजेजवळ बसली आणि शरणबसप्पाच्या पोटावर तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. पोट पाटासारखं कडक लागलं. बेंबी सरकलेला माणूस गडाबडा लोळतो, गुडघे पोटाशी घेतो, घर डोक्यावर घेतो. हा हलत नव्हता. कुणाचा तरी पाय बाजेला लागला तर दात आवळून डोळे मिटत होता. कपाळावर गार घाम, ओठ पांढुरके. तिनं मनगट धरलं. नाडी बारीक आणि भरभर पळत होती.

"शरणू," ती हळूच म्हणाली, "खांदा दुखतो का रं?"

त्यानं डोळे उघडले. "तुला कसं कळलं, अक्का? डावा खांदा लई ठणकतोय. खांद्याला तर काय लागलं बी न्हाय."

धुरपताबाईनं एकदाच डोळे मिटले. मागच्या दिवाळीत शरणबसप्पाला हिवताप झाला होता. त्यानंतर पोट जड वाटतं म्हणून तो चोळून घ्यायला आला, तेव्हा डाव्या बरगडीखालची पाणथरी, म्हणजे प्लीहा, तिच्या बोटांना चांगली चार बोटं वाढलेली लागली होती. नेमका तिथंच आज जुवाचा मार बसला होता.

ती उठली.

"म्या चोळणार न्हाय," ती म्हणाली. "आन् कुणालाच चोळू देणार न्हाय. ह्याला आतून लागलंय. पानी पाजू नका, दूध बी नगं. आकराची मोटार गाठून ह्याला सोलापूरला न्यायचं, मोठ्या दवाखान्यात."

माजघरात जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली. सुताराला रंधा आणून द्यावा आणि त्यानं आपण लाकडाला हात लावत नाही म्हणावं, तसाच हा प्रकार.

पहिला बोलला तो महांतप्पा, शरणबसप्पाचा चुलता. घरात पुरुषमाणूस वडील तोच. "सोलापूरला?" तो म्हणाला. "ईस कोस? इंग्रजाच्या मुलखात? तिथं पोट फाडतेत, म्हायती हाय का? एक जखम न्हाय आंगावर आन् तू पोट फाडायला धाडतीस?"

"जखम दिसली असती तर बरं झालं असतं," धुरपताबाई म्हणाली.

"नळदुर्गला नेऊ की मग."

"तितं कापायची सोय न्हाय. तिथनं बी सोलापूरलाच धाडत्याल, आन् तवर मोटार निघून जाईल."

ते लढाईचे दिवस होते, फसली तेराशे त्रेपन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे त्रेचाळीस-चव्वेचाळीस. पेट्रोल कुणाला मिळत नव्हतं. मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावलेली असायची आणि त्या धुरावर ती खोकत खोकत चालायची. दिवसातून एकदाच यायची. ती चुकली की दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. ओट्यावरची सावली दुसऱ्या पायरीला टेकली होती. म्हणजे हातात फार तर तासभर होता, आणि त्यातही फाट्यापर्यंत चालायचं होतं.

लक्ष्मम्माचा बांध फुटला. "अय्यो धुरपता, आमचं काय चुकलं गं? साऱ्या गावाची पोटं चोळतीस, आन् माझ्याच लेकाला हात लावायला तुला काय झालं? उद्या ह्याचं काय बरंवाईट झालं तर लोक काय म्हणत्याल? धुरपताबाई आली आन् हात न लावता मेला म्हणत्याल."

"म्हणू द्या."

"तू न्हाय चोळत तर म्या चोळते!" असं म्हणून लक्ष्मम्मानं पाची बोटं तेलात बुडवली आणि ती बाजेवर वाकली.

धुरपताबाईनं तिचं मनगट धरलं. पन्नाशीच्या विधवेनं दुकानवाल्यांच्या घरात, त्यांच्याच माजघरात, साठीच्या थोरल्या बाईचं मनगट धरलं! महांतप्पा पुढं सरसावला. आणखी एक क्षण गेला असता तर तिला हाताला धरून बाहेर काढलं असतं. आणि ते तिलाही कळत होतं. नुसतं 'माझं ऐका' म्हणून कुणी ऐकणार नाही, हेही कळत होतं. माणसं तिच्या हाताला मानत होती, तिच्या शब्दाला नव्हे.

"अव्वा," ती म्हणाली, "बब्रुवानला म्या मारलं."

आधी माणसं चपापली ती नावानं. बब्रुवान तिचा नवरा. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. तो जाऊन बारा वर्षं झाली होती, तरी या बारा वर्षांत ते नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. 'आमचं माणूस' म्हणायची, नाहीतर नुसतं 'ते'.

"ह्याच हातानं," धुरपताबाई म्हणाली. लक्ष्मम्माचं मनगट तिनं सोडलं नव्हतं. "पोळ्याच्या आदल्या दिवशी ओढ्यावर बैल धूत हुते. बैलानं मुसंडी मारली, हितं, डाव्या बरगडीखाली. चालत घरी आले. हासत हुते. मग खांदा दुखतो म्हणाले. म्या खांदा चोळला. पोट कडक झालं. म्या म्हणलं, वारा धरलाय. पोट चोळलं. सांजंपतुर चोळत हुते, अव्वा. वर वारा ओढायला तांब्या लावला, तूप घालून दूध पाजलं. ते 'बास कर' म्हणत हुते, आन् म्या म्हणत हुते, जरा कळ काढा, माझ्या हाताला येतंय. दिवा लावायच्या टायमाला गेले."

"ते... ते त्येंचं आयुष्यच सरलं हुतं गं," लक्ष्मम्मा पुटपुटली. गावानं तेव्हा असंच म्हटलं होतं.

"न्हाय सरलं. म्या नळदुर्गच्या दवाखान्यात जाऊन इचारलं. तितं आण्णासाहेब कंपाउंडर हुते. ते म्हणाले, पानथरी म्हंजी रक्तानं भरलेली पखाल. ती फुटली, तर वरनं चोळून पानी परत पखालीत जातं का बाई? आनखीच सांडतं." मग ती सगळ्यांकडे वळली. "हे म्या कुणाला सांगितलं न्हवतं. आज सांगते. आता काय ते ठरवा. पर ह्याला चोळाल, तर म्या त्येंना चोळलं तसंच चोळाल."

मला त्या बाईचा अभिमान वाटतो तो इथं. बारा वर्षं तिच्या हाताला यश आहे असं गाव म्हणत होतं. तिचं जे काही होतं ते त्या दोन हातांतच होतं. तीन एकर कोरडवाहू आणि उमरग्याला दिलेली एक लेक सोडली तर दुसरं काही नव्हतं. आणि ते हात तिनं भर माणसांत स्वतःच बदनाम करून टाकले, शेजाऱ्याच्या मुलासाठी. कुणी मागितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

बाजेवरून शरणबसप्पाचा आवाज आला, "नीरु... नीरु..." घरात त्यांची बोली कानडी. तो पाणी मागत होता.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारातून जगदेवी बाहेर आली. शरणबसप्पाची बायको. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण चुलतसासऱ्यासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. ती थेट पाण्याच्या रांजणापाशी गेली. माणसांना वाटलं, पाणी घेऊन येणार. तिनं रांजणावर झाकण ठेवलं, वर पाटा ठेवला आणि वळून म्हणाली,

"मामा, माजघराचं कवाड काढा. बाजंवर हिंदकळत्याल ते. कवाडावर न्या."

महांतप्पा एकदा सुनेकडे, एकदा धुरपताबाईकडे बघत राहिला. मग त्यानं धोतराचा काचा मारला आणि कवाडाला खांदा लावला.

नंतरचं सगळं धुरपताबाईनं सांगितलं तसं झालं. कवाडावर वाकळ अंथरली. चौघांनी शरणबसप्पाला बाजेसकट कवाडाशेजारी आणलं आणि अंग न वाकवता अलगद सरकवलं. गुडघ्यांखाली घोंगडीची वळकटी दिली, म्हणजे पोटाला ताण बसत नाही. अंगावर दुसरी घोंगडी घातली, कारण ऊन असूनही त्याचे हातपाय गार पडत चालले होते. फाट्यापर्यंतच्या वाटेवर ती पुढं चालत होती आणि "खड्डा हाय, हळू" एवढंच बोलत होती. लक्ष्मम्मा मागून रडत येत होती. तिच्या हाताला अजून तेल तसंच होतं.

मोटार आली. मागची दोन बाकं मोकळी करून कवाड आडवं ठेवलं. महांतप्पा, जगदेवी आणि धुरपताबाई बसली. तिनं यायलाच हवं असं काही नव्हतं. पण वाटेत कुणाला दया येईल आणि कुणी पाणी पाजेल, ही भीती तिला होती. तिची भीती खरी ठरली. दोन कोस गेल्यावर महांतप्पालाच राहवेना. पुतण्या 'नीरु, नीरु' करत होता आणि म्हाताऱ्याच्या हातात भरलेला तांब्या होता.

"एक घोट देऊ का गं?"

"न्हाय."

"मरताना पानी तरी..."

"मरत न्हाय त्यो," धुरपताबाई म्हणाली. तिनं पदराचं टोक तांब्यात बुडवून पिळलं आणि शरणबसप्पाच्या ओठांवरून फिरवलं. "आता पोट उघडायचं हाय त्येचं. रिकामंच पायजे." मनगटावरचं बोट तिनं काढलं नाही. नाडी कधी बोटाखालून निसटायची. मग ती श्वास रोखून बोट तसंच ठेवायची, आणि पुन्हा लागली की सोडायची. ते जगदेवी बघत होती. नवऱ्याच्या तोंडाकडे न बघता ती सारा वेळ धुरपताबाईच्या तोंडाकडेच बघत होती, असं तिनं पुढं सांगितलं.

सरहद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका होता. निजामाची हद्द संपते तिथं प्रत्येकाला खाली उतरून गाठोडी दाखवावी लागत. नाकेदार मोटारीत डोकावला. "अम्मा, सबकू उतरना पडता. ये कवाड के नीचे क्या है?"

"कवाडाखाली बाक हाय आन् वर माणूस हाय," धुरपताबाई म्हणाली. "ह्येला उतरवायचं असंल तर साहेब, तुमच्या हातानं उतरवा. पर एकडाव खाली आला की पुन्ना चढायचा न्हाय."

नाकेदारानं घोंगडी थोडी बाजूला केली. शरणबसप्पाचा चेहरा पाहिला आणि घोंगडी स्वतःच नीट केली. मग मागं वळून ओरडला, "आडा उठाव! जाने दो, जल्दी!"

सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोटाला हात लावला, डोळ्याची पापणी ओढून बघितली आणि टेबल तयार करायला सांगितलं. जाता जाता विचारलं, "मार कधी लागला? काही खायला-प्यायला दिलं?"

"सकाळी लागला. मार लागल्यापास्नं पान्याचा थेंब न्हाय," महांतप्पानं सांगितलं.

"चोळलं? शेकलं?"

"न्हाय."

डॉक्टर थांबले. खेड्यातून आलेला असा पेशंट न चोळलेला, न शेकलेला, डाग न दिलेला त्यांनी बहुधा पाहिला नसावा. "कुणी सांगितलं तुम्हाला चोळू नका म्हणून?"

महांतप्पानं धुरपताबाईकडे बोट केलं. डॉक्टरांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. धुळीनं भरलेलं लुगडं, कोरडं कपाळ, अनवाणी पाय. "बाई, तुम्ही कुठल्या दवाखान्यात काम करता?"

"न्हाय जी," ती म्हणाली. "म्या गावात पोटं चोळते."

फुटलेली पाणथरी काढून टाकली. पोटात दोन शेर रक्त साठलं होतं. अर्धा-पाऊण तास उशीर झाला असता तर, किंवा कुणी वरून हात फिरवला असता तर, असं म्हणून डॉक्टरांनी पुढचं वाक्य सोडून दिलं. तीन दिवस काही खरं नव्हतं. चौथ्या दिवशी शरणबसप्पानं दवाखान्याच्या पेजेला नाव ठेवलं, तेव्हा जगदेवी पहिल्यांदा रडली. धुरपताबाई त्याच दिवशी मोटारीनं गावी परत आली.

गावात मात्र ती परतायच्या आधीच तिची गोष्ट पसरली होती. शरणबसप्पा वाचला, हे लोक एका वाक्यात सांगायचे. धुरपताबाईनं नवऱ्याला मारलं, हे सांगायला मात्र त्यांना अर्धा दिवस पुरत नसे. ज्या बायका तिच्या ओसरीवर लेकरं घेऊन रांग लावायच्या, त्या ओढ्याच्या वाटेनं लांबून जाऊ लागल्या. एक विठाबाई तेवढी तोंडावर म्हणाली, "अगं, सांगायचं कशाला म्हणते म्या? कुणाला म्हायती हुतं?" बाकीच्या तेही म्हणाल्या नाहीत. महिनाभर तिच्याकडे एक पोट आलं नाही. मला आमच्या गावाचा राग येतो तो त्या महिन्याचा.

धुरपताबाईनं आपली रीत मोडली नाही. सकाळी शेतात जायची, संध्याकाळी ओसरी सारवायची, चटई अंथरायची, आणि दिवे लागले की गुंडाळून ठेवायची. मान मात्र ताठ होती.

महिना उलटल्यावर सोलापूरहून येणारी मोटार फाट्यावर थांबली. महांतप्पा उतरला, जगदेवी उतरली, मागून काठी टेकत शरणबसप्पा उतरला. अंगानं निम्मा झाला होता. लक्ष्मम्मा आरतीचं ताट घेऊन फाट्यावर उभी होती. सगळे घराकडे वळणार, तर शरणबसप्पा उजवीकडे धुरपताबाईच्या गल्लीत वळला. अर्धं गाव मागून आलं.

ती ओसरीवर तूर निवडत होती. शरणबसप्पानं काठी भिंतीला लावली आणि सदऱ्याची बटणं काढली. छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत लांब लालसर व्रण होता, दोन्ही बाजूंनी टाक्यांच्या खुणा.

"अक्का, हात ठेव," तो म्हणाला. "सगळ्यांनी ठेवला. डॉक्टरनं, नर्सनं, काकानं. तुझाच राहिला."

तिनं पदराला हात पुसले. पुन्हा पुसले. मग तळवा व्रणावर ठेवला. दाबला नाही. पोट मऊ होतं, श्वासाबरोबर वरखाली होत होतं. ती बराच वेळ हात तसाच ठेवून बसली आणि तिचे डोळे भरून आले. बब्रुवान गेला तेव्हाही गावानं तिला रडताना पाहिलं नव्हतं.

लक्ष्मम्मानं आरतीचं ताट सुनेच्या हातात दिलं. त्यातली पितळेची वाटी उचलली. तीच त्या दिवशीची वाटी, काठोकाठ करडीच्या तेलानं भरलेली. ओसरी चढून ती कोपऱ्यातल्या चटईपाशी गेली. चटई स्वतःच्या हातानं उलगडली आणि साऱ्या गावादेखत तिच्यावर आडवी झाली.

"आठ दिस झालं पोट दुखतंय माझं," ती म्हणाली. "चोळ."

धुरपताबाई उठली आणि चटईशेजारी बसली.

"अव्वा, कुठं पडलात-बिडलात का? मार लागलाय का?"

"न्हाय गं."

"खांदा दुखतो?"

"न्हाय म्हणलं की."

पुढं आयुष्यभर ती हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कुणाच्या पोटाला शिवली नाही. आज आमच्या गावातलं पोरसोरसुद्धा पोटाला मार लागला की आधी खांद्याचं विचारतं, ते तिच्यामुळं.

तिनं वाटीत बोट बुडवलं. पहिला थेंब भुईला लावला, आईच्या नावानं. मग, तिची रीत नव्हती तरी, पुन्हा बोट बुडवून आणखी एक थेंब त्याच्या शेजारी लावला. ओठ हलले, पण नाव ऐकू आलं नाही. ते नाव तिनं चारचौघांत एकदाच घेतलं होतं, आणि ते कामी आलं होतं.

"श्वास सोडा, अव्वा," धुरपताबाई म्हणाली, आणि तिनं चोळायला हात लावला.